तुर्की भाषेची आई

माझा फोटो इतका गोरा जन्मात कधी आला नव्हता. कॉलेजमधून घरी येत होते, हातात मेथीच्या दोन जुड्या, आणि भांडुप स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडवर वर बघते तर मीच. गालांवर अशी काही सफेदी मारली होती की क्षणभर वाटलं ही कोण बया. खाली भगव्या अक्षरांत लिहिलेलं: ‘तुर्की आणि पठाणी भाषांची आई मराठीच! जगाला ठणकावून सांगणारी भांडुपची सुकन्या डॉ. जान्हवी बाळा पालव हिचे हार्दिक अभिनंदन!’ आणि शेजारी हात जोडलेला नितेश, आमच्या मंडळाचा अध्यक्ष, त्याचा फोटो माझ्यापेक्षा मोठा.

रिक्षावाला काका म्हणाला, “ताई, तुमचाच ना? एक नंबर!”

मी म्हटलं, “वाट लागली.”

कारण असलं काही मी आयुष्यात म्हटलेलं नव्हतं. लिहिलेलं नव्हतं. झोपेतसुद्धा बरळले नसते.

माझी पीएचडी ‘हा’, ‘ही’, ‘तो’ असल्या शब्दांवर आहे. हसा, हसा, सगळेच हसतात. मावशीने विचारलेलं, एवढ्याशा शब्दावर एवढं जाडं पुस्तक? पण मी अंधेरीच्या एका स्टुडिओत तुर्की मालिकांना सबटायटल लावायचं काम करायचे, तिथे माझा कान अडकला. तुर्कीत जवळच्या वस्तूला ‘बु’ म्हणतात, लांबच्या वस्तूला ‘ओ’, आणि तिसरा एक ‘शु’ आहे. हा ‘शु’ बहुतेक तेव्हा येतो जेव्हा समोरच्याचं लक्ष त्या वस्तूकडे अजून गेलेलंच नसतं. का? तर जुन्या तुर्कीत ‘उश’ असा एक शब्द होता, साधारण ‘हे बघ’ म्हणून लक्ष वेधणारा. तो ‘ओल’ला, म्हणजे ‘तो’ला, चिकटला आणि दोघं मिळून झिजत झिजत ‘शु’ झाले, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे बघा, त्या टिचभर शब्दात हजारेक वर्षांपूर्वीचं कुणीतरी अजून बोट दाखवून ओरडतंय, अरे बघ!

मग मी ‘बघ’च्याच मागे लागले. पठाणांच्या पश्तोत ‘बघ’ला म्हणतात ‘वुगोरा’. हे क्रियापद मोठं वस्ताद आहे. आज बघतोय म्हणायचं तर एक धातू, काल बघितलं म्हणायचं तर भलताच. आपण नाही का ‘जातो’ म्हणतो आणि लगेच ‘गेलो’ म्हणतो, तसं. त्या ‘गोर’चं मूळ शोधता शोधता मी म्हातारी व्हायची बाकी होते. इकडून जुळायचं, तिकडून उसवायचं. शेवटी प्रबंधात सरळ लिहिलं की मूळ निश्चित सांगता येत नाही. ते एक वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त मेहनत पडली आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

आणि हे गाढव म्हणतं, मराठी त्यांची आई.

मी मेथीसकट मंडळाच्या ऑफिसात घुसले. नितेश आणि मी एकाच चाळीत वाढलो, एकाच नळावर भांडलो. तो खुर्चीत बसून मोबाइल बघत होता.

“नित्या, काय लावलंयस ते?”

“फोटो झकास आलाय ना?”

“फोटो गेला खड्ड्यात. खाली काय लिहिलंयस?”

“मी नाही गं. तूच मला मेसेज टाकलेलास ना, की हा-तो हे शब्द ‘बघ’ म्हणण्यातून येतात, आपण मालवणीत ‘हो बघ’, म्हणजे ‘हा बघ’, म्हणतो तसं. तो मी श्यामसुंदर सरांना पाठवला. म्हटलं, जरा सुधारून द्या. त्यांनी सुधारून दिला.”

“त्यात आई कुठनं आली?”

“आई म्हटलं की पब्लिक जागी होते. यार, तू पण ना! इथे लोक तुझं नाव घेतायत, आणि तू हिशेब मागतेस.”

“काढ ते.”

“कसं काढू? कांजूरमार्गपर्यंत लावलंय. मराठी भाषा दिनाला आपली सत्यनारायणाची पूजा आहे, त्यातच तुझा सत्कार. सर स्वतः येतायत शाल घालायला. तुझ्याच फायद्याचं आहे, डोकं चालव जरा.”

फायदा काय तो मला ठाऊक होता. श्यामसुंदर सर मुलुंडच्या ज्या कॉलेजात मी शिकवते, तिथल्या व्यवस्थापनावर आहेत. मी तिथे तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढे पैसे, सुट्टी लागली की चूल थंड, आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही ते देवाला माहीत. इतक्या वर्षांनी एकदाची कायमची जागा निघाली होती. पूजेनंतर पंधरवड्याने मुलाखत, आणि मुलाखतीला मधल्या खुर्चीत सर.

मी सरांच्या घरी गेले. त्यांनी मला एफवायला शिकवलंय, तेव्हापासून मला ते अगं-तुगंच करतात. माणूस वाईट नाही, हेही सांगून ठेवते. मराठीवर त्यांचा जीव आहे. फक्त तो जीव असा आहे की जगात कुठेही कुणी तोंड उघडलं की त्यात त्यांना मराठीच ऐकू येते.

“सर, ते पोस्टरवरचं खरं नाही.”

“अगं, खरं म्हणजे काय? तुझं ते तुर्की ‘ओ’. आपल्या ‘तो’मधला ‘त’ पडला की उरतं काय?”

“आणि पडला कुठे तो ‘त’? लोणावळ्याला?”

सरांना विनोद आवडला नाही. त्यांच्या बायकोने, कुंदाकाकूंनी, आणलेला चहा त्यांनी माझ्याकडे सरकवला. “‘बघ’मधला ‘घ’ गेला की ‘बु’. आणि पश्तो ‘गोर’ म्हणजे आपलं ‘घुरणं’. मी तीस वर्षं हे सांगतोय. कुणी ऐकलं नाही, कारण माझ्याकडे पीएचडीची डिग्री नव्हती. आता तुझ्याकडे आहे.”

“माझ्याकडे डिग्री आहे, पुरावा नाही. आवाज सारखा आला म्हणून नातं लागत नाही, सर. तसं असतं तर भांडुपमधले सगळे सावंत एका आईचे निघाले असते.”

“तू दोन वाक्यं बोल स्टेजवर. बास.”

“नाही बोलणार.”

ते शांतपणे म्हणाले, “बरं, नको बोलूस. शाल घे, नमस्कार कर, खाली उतर. गप्प तर बसशील? पंधरा दिवसांनी मुलाखत आहे, जान्हवी. मला तुला घ्यायचंय. मला अडचणीत आणू नकोस.”

म्हणजे खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं तोंड मिटून उभं राहायचं, आणि नोकरी पक्की. चहा तसाच टाकून आले मी.

घरी आई, मालन तिचं नाव, तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिने सूप बाजूला ठेवलं.

“मगे? गप ऱवाक तुझा काय जाता गो?”

“आई, ते खोटं आहे.”

“खोटा आसा तर आसूदे! तुर्कस्तानातसून कोण येतलो हय भांडाक? तुझ्या बापाची गिरण गेली तेव्हा आमी काय काय गिळला ता तुका म्हायत नाय. एकदा परमनंट हो, मगे बोल काय बोलाचा ता. तवसर तोंडार हात ठेव. माझी शपथ आसा तुका.”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत. महिनाअखेरीला दूधवाल्याला टाळायला ती देवळात जाऊन बसायची, हे मी लहानपणी बघितलंय. शपथेला मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मुकाट मेथी निवडायला बसले.

पूजेच्या संध्याकाळी मैदानात मांडव खचाखच भरला. अर्धा सिंधुदुर्ग आमच्या डोंगरावर राहतो, आणि पूजेला बाकीचा अर्धा पाहुणा म्हणून येतो. शिरा वाटून झाला. नितेशने माइकवरून जाहीर केलं की वेळेअभावी सत्कारमूर्ती मनोगत व्यक्त करणार नाहीत. माझ्याकडे न बघता जाहीर केलं, बरं का! सरांचं भाषण झालं. ‘त’ पडला, ‘घ’ पडला, टाळ्या पडल्या. मी स्टेजवर प्लास्टिकच्या खुर्चीत, शेजारी बाबा, नवा शर्ट घालून ताठ बसलेले. खाली पहिल्या रांगेत आई. तिने माझ्याकडे बघून हळूच ओठांवर बोट ठेवलं.

शाल घालायच्या आधी गाऱ्हाणं. आमच्यात गाऱ्हाण्याशिवाय काही होत नाही. एक जाणता माणूस देवासमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला लोक एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. आमच्या मंडळाचं गाऱ्हाणं कैक वर्षं बाबाच घालतात. गाऱ्हाण्यात खोटं चालत नाही. भाषणात चालतं, लग्न जमवताना चालतं, गाऱ्हाण्यात नाही. देवाला खोटं सांगितलं तर ते सगळ्या वाडीला बाधतं, असं आमची माणसं मानतात, आणि मनापासून मानतात.

नितेशला हे कळत नाही असं नाही. पण त्या दिवशी तो हवेत होता. त्याने बाबांच्या कानाला लागून सांगितलं, “काका, त्यात एक वाक्य टाका. तुर्की आणि पठाणी मराठीच्या पोटची, ता साऱ्या जगाक मान्य होवंदे.” इथेच गडी चुकला.

बाबा माइक हातात घेऊन माझ्याकडे वळले.

“ह्या खरा आसा?” त्यांनी विचारलं. माइक चालू होता. सगळ्या मांडवाने ऐकलं.

मी आईकडे बघितलं. बोट अजून ओठांवर होतं.

“नाय, बाबा,” मी म्हटलं. “खोटा आसा.”

सर खुर्चीत सरळ झाले. नितेश हसत हसत माइककडे हात न्यायला लागला. “काका, तुमी आपला नेहमीचा...”

बाबांनी त्याचा हात बाजूला केला. “माझ्या तोंडान खोटा जावचा नाय. आणि खरा काय ता माका सांगाक येवचा नाय, तितको मी शिकलंय नाय.” मग माइक माझ्यापुढे धरला. “तुझा काम आसा. तू घाल गाऱ्हाणा.”

मागून कुणीतरी ओरडलं, “बायल माणसान गाऱ्हाणा घालूचा?”

“गप ऱव रे मेल्या!” बाबा तिकडे न बघताच म्हणाले. “तुका बोलाक कोणी शिकवल्यान? बापाशीन?”

बायकांच्या बाजूला हशा उठला. मी उभी राहिले. सर खालच्या आवाजात म्हणाले, “जान्हवी, विचार कर.” केला मी विचार. खरं सांगते, केला. पगाराची तारीख दिसली, आईचं बोट दिसलं. आणि मग असला संताप आला! मी दिवसच्या दिवस घासून लिहिलेलं खोडायचं, आणि वर शाल घेऊन नमस्कार करायचा? का म्हणून? मी माइक घेतला, चपला काढल्या आणि चौरंगाकडे तोंड केलं. लहानपणापासून ऐकलेलं होतं, सूर आपोआप लागला.

“हे बा देवा म्हाराजा! ह्या डोंगरार ऱवणाऱ्या आमच्या वाडीच्या राखणदारा!”

“व्हय म्हाराजा!” मांडव घुमला. सवयच ती.

“आज तुझी लेकरां हय जमली आसत. वर्सभर पाण्यासाठी भांडली, पार्किंगसाठी भांडली, पण आज एका मांडवात बसली आसत. तेंका असाच एकत्र ठेव, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“स्टँडार माझो फोटो लावलो आसा. फोटो बरो आसा. पण तेच्या खाली जा लिवला हा, ता खोटा आसा, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” म्हणून झालं आणि मग लोकांच्या लक्षात आलं की आपण काय म्हटलं. कुणीतरी फसकन हसलं. नितेशचा चेहरा असा झाला, जणू शिऱ्यात खडा लागला.

“तुर्की भाषा मराठीच्या पोटाक इली नाय. तिची आवस येगळी, तिचो गाव येगळो. पठाणांचो शब्द खयसून इलो ता माका म्हायत नाय. म्हायत नाय ता म्हायत नाय म्हणाची माका लाज नाय, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आता पोरांना मजा यायला लागली होती, आवाज वाढला. सरांनी मान खाली घातली.

“आमची मराठी दुसऱ्या कोणाची आवस नसली तरी आमची आसा. ती गरीब नाय. तिका उसने दागिने घालून मिरवूची गरज नाय. जो कोण तिच्या नावान खोटा सांगता, तो आपलो आसलो तरी तेका बरी बुद्धी दी, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

इथे थांबले असते तरी चाललं असतं. लोक हसत होते, सरांनाही उद्या ‘अगं, गंमत केली’ म्हणता आलं असतं, आणि कदाचित मुलाखतही निभावली असती. पण मला गंमत म्हणून सोडायचं नव्हतं. गंमत नव्हतीच ती.

“ह्या बोलल्यार माझी नोकरी जातली,” मी म्हटलं. “जेंच्या हातात ती आसा ते हयच बसले आसत. जातली तर जांव दे. पण पोटासाठी तुझ्यासमोर खोटा बोलाची पाळी माझ्यार हाडू नको, रे म्हाराजा!”

कुणीच काही म्हटलं नाही.

एवढा मोठा मांडव, आणि चिडीचूप. दुसऱ्याच्या पोरीची नोकरी जावो, याला व्हय म्हणायचं तरी कसं? आणि मागणं मागून झालंय, उत्तर तर द्यायला हवं. गाऱ्हाणं असं अधांतरी सोडत नाहीत. लोक एकमेकांकडे बघायला लागले. बाबांचा हात माझ्या पाठीवर आला, पण ‘व्हय’ म्हणायचं ते खाली बसलेल्यांनी, गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या बाजूने नाही.

आणि पहिल्या रांगेतून आई उठली. ओठांवरचं बोट काढलं, पदर खोचला, आणि एकटीच, जेवढा गळ्यात जोर होता तेवढ्याने म्हणाली, “व्हय म्हाराजा!”

तिच्यामागे सगळा मांडव म्हणाला. दोनदा म्हणाला. पण मी फक्त तिचाच आवाज ऐकला. घर चालवणारी बाई ती, आपण कशाला व्हय म्हणतोय ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. सर शाल खुर्चीवर ठेवून निघून गेले. मी अडवलं नाही. नितेश चार दिवस माझ्याशी बोलला नाही, ते एक बरंच झालं.

मुलाखतीला मी गेले. बोलवायचं नसतं तर पत्र कशाला पाठवलं असतं, असा माझा सरळ हिशेब. इस्त्रीची साडी नेसले, मधल्या खुर्चीकडे बघून नमस्कार केला, विचारलं त्या सगळ्याची उत्तरं दिली. सरांनी एकही प्रश्न विचारला नाही, खिडकीतून बाहेर बघत बसले. संध्याकाळी फोन आला. जागा दुसऱ्या मुलीला मिळाली होती, आणि जूनपासून माझे तासही तिलाच.

आई गॅसपाशी भाकरी थापत होती. मी दारात उभी राहून सांगितलं, “आई, गेली.”

तिने वर बघितलं नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

“मगे?” ती म्हणाली. “मागितलला मां तुया? आमच्या देवान आयकल्यान.”

मला हसू फुटलं. मग तिलाही फुटलं. दोघी पोट धरून हसलो, इतक्या की तव्यावरची भाकरी करपली, आणि हसता हसता कधी रडायला लागलो ते दोघींनाही कळलं नाही. मग तिने नाक पुसलं, करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली आणि माझ्यासाठी दुसरी थापायला घेतली.